परंपरा शिकवता येते काय?

‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील सी. रामचंद्रांच्या गाण्यांत उसळणारा ट्रम्पेट आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. तो वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट हे जाझचे वादक. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊ लागले आणि त्यांच्यापासून गोव्याच्या वादकांनी जाझचे पुष्कळसे वळण उचलले. या संगीताचे माहेर अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर. तिथे ते पुढच्या पिढीच्या हाती कसे गेले, याची हकीगत वाचताना माझ्यातला कादंबरीकार आणि माझ्यातला शाळामास्तर यांचे काही केल्या एकमत होईना. त्या वादाचा निवाडा वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत प्रेतयात्रेबरोबर बँड चालण्याची जुनी प्रथा आहे. स्मशानाकडे जाताना संथ भक्तिगीते वाजतात. लहान ढोलाच्या तारांखाली रुमाल खोचून त्याचा आवाजही दबका केलेला असतो. मृताला निरोप दिला, की ढोल खुला होतो, लय चढते आणि मागून येणारी माणसे छत्र्या नि रुमाल हलवीत नाचू लागतात. या मागच्या घोळक्याला तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. गोरगरिबांनी वर्गणी काढून स्थापलेल्या मंडळ्या सभासदाच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा भार उचलीत. बँडही त्याच ठरवीत. तेव्हा या संगीताची मुळे शेजारधर्मात होती, सभागृहात नव्हती. परंतु १९६० नंतर बँडमधले वादक थकत चालले, आणि तरुणांना रेडिओवरच्या नव्या गाण्यांची ओढ लागली.

डॅनी बार्कर (१९०९–१९९४) हे त्याच गावचे बँजो आणि गिटारवादक. त्यांचे आजोबा इझिडोर बार्बारिन जुन्या ब्रास बँडमधले. न्यूयॉर्कला कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात नाव कमावून बार्कर १९६५ मध्ये गावी परतले. १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी त्यांना मुलांचा बँड उभारण्याची गळ घातली. इमारत नव्हती, परीक्षा नव्हती. लिरॉय जोन्स या बारा-तेरा वर्षांच्या ट्रम्पेटवादकाच्या घरच्या गॅरेजमध्ये तालीम चाले.

आता मुख्य प्रश्न असा, की बार्करांनी शिकवले काय? बोटे कुठे ठेवावी, फुंकर कशी घालावी, हे यांपैकी काही मुले शाळेच्या बँडमध्ये शिकतच होती. बार्करांनी त्यांना प्रसंग शिकवला. कोणती चाल कधी लावायची, केव्हा थांबायचे, रस्त्यावर कसे चालायचे, आणि आपल्याआधी हे वाजवणारी माणसे कोण होती, हे त्यांनी गोष्टी सांगून, बरोबर नेऊन दिले. स्वरलिपीत स्वर मावतात. औचित्य मावत नाही. ते दुसऱ्याच्या दुःखात उभे राहूनच कळते.

बँडला कामे मिळू लागली आणि वादकांच्या संघटनेतून कुरबुर उठली. बार्कर मुलांना राबवून घेतात, असा आरोप झाला. १९७४ च्या सुमारास ते बाजूला झाले. मोठ्या मुलांनी ‘हरिकेन’ बँड काढला. १९७७ मध्ये ‘डर्टी डझन’ आला. त्याने बीबॉप आणि फंक रस्त्यावर आणले. ब्रास बँड पुन्हा तरुणांचा झाला.

इथे माझी एक तक्रार आहे. नव्या बँडांनी वेग उचलला, उल्हास उचलला. संथ भाग मात्र आखडत गेला. परंतु आधी रडणे नसेल तर नंतरच्या नाचण्याला अर्थ काय? तो केवळ तमाशा होतो. खुद्द बार्करांनाही हे खुपत होते. अलीकडच्या प्रेतयात्रांतील बेशिस्त पाहून आपल्याला तशी यात्रा नको, असे त्यांच्या मनाने घेतले होते. १९९४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्याच मुलांपैकी ग्रेग स्टॅफर्ड आणि इतर वादकांनी घरच्यांना शब्द दिला, की सारे जुन्या मर्यादेने होईल. तो शब्द पाळला गेला. गुरूच्या शिकवणीची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही, आणि शिष्य तिला उतरले.

२००५ च्या कतरिना वादळाने शहर उद्ध्वस्त केले. त्यानंतर २००७ मध्ये ‘रिबर्थ’ ब्रास बँडचे ढोलवादक डेरिक टॅब यांनी एका सहकाऱ्यासह ‘रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था काढली. शाळा सुटल्यावर मुलांना विनामूल्य वाद्य, शिकवणी, अभ्यासात मदत, गरम जेवण, आणि घरी पोचवायला बस. माझ्यातला कादंबरीकार म्हणतो, ही कवायत झाली. परंपरा अशी वाटता येत नाही. शाळामास्तर उत्तर देतो, की उपाशी मुलाच्या छातीत ट्रम्पेट फुंकण्याइतका दम कुठून येणार?

माझा कौल मास्तराच्या बाजूने पडतो, पण एका अटीवर. शाळेने हात घडवावेत, दम वाढवावा. नंतर दार उघडून मुलाला त्या गल्लीत पाठवावे, जिथे कुणाच्या तरी घरी कोणी गेलेले आहे. रुमाल ढोलाखाली केव्हा खोचावा आणि केव्हा काढावा, हे त्याला तिथेच उमगेल.