लताचा होकार

विक्रम सेठ यांची १९९३ची ‘अ सुटेबल बॉय’ तेराशेहून अधिक पानांची. मीरा नायर यांनी २०२०मध्ये ती सहा भागांत बसवली. ग्वाल्हेरला आम्हा बायकांत चर्चा झाली ती महेश्वरच्या चुंबनाचीच. माझी तक्रार वेगळी. कबीरवर जीव असताना लता हरेशला का निवडते, हे मालिका घाईघाईने उरकते. हरेश चामड्याच्या जोड्यांच्या धंद्यातला. आपल्याकडे असं स्थळ उंबऱ्यावरूनच परत जायचं! मग लताच्या मनात काय चाललं असेल? आपल्या मुलींचंही हेच होतं. होकार सगळे ऐकतात, त्यामागची घालमेल कुणी विचारत नाही. मालिकेनेही विचारली नाही. तब्बूची सईदाबाई तेवढी मनात राहते.