‘राक्षस’ की ‘बाधा’? : ‘किमेत्सु नो याइबा’ या चित्रमालिकेच्या प्रथम भागाचा विचार

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी शब्द कारखान्याच्या दारातून आले. ‘काइझेन’, ‘गेम्बा’, ‘पोका-योके’ हे शब्द तेथील कामगार आणि पर्यवेक्षक भाषांतरावाचून वापरतात, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. कारण या शब्दांमागील कृती यंत्रापाशी उभे राहून दाखविता येते. परंतु जपानी शिकणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा त्या भाषेशी दुसराही एक संबंध असतो. तो मांगा म्हणजे चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे चलच्चित्रमालिका यांच्याद्वारे जुळतो. तेथे भेटणारे काही शब्द बोटाने दाखविता येत नाहीत. त्यांचा अर्थ ठरवावा लागतो. ‘ओनी’ हा असाच एक शब्द होय. ज्या कथेत ‘ओनी’ मारणे हाच नायकाचा पुढील व्यवसाय ठरतो, त्या कथेच्या प्रारंभीच हा शब्द कसा वादग्रस्त होतो, आणि त्या वादातच तिचे वाङ्मयीन मूल्य कसे साठविलेले आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात ‘शूकान शोनेन जंप’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व पुढे २३ खंडांत संगृहीत झाली. तिच्यावरून हारुओ सोतोझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली युफोटेबल या संस्थेने चित्रमालिका केली. तिचा पहिला भाग एप्रिल २०१९ मध्ये प्रसारित झाला. मूळ कथेचे पहिले प्रकरण हाच त्याचा आधार आहे, आणि ‘क्रौर्य’ या अर्थाचे शीर्षक दोघांनाही समान आहे. याच कथेवरील एक चित्रपट २०२५ च्या सप्टेंबरात भारतात हिंदी, तमिळ व तेलुगू ध्वनिमुद्रणांसह प्रदर्शित झाला. मराठीचा त्यात समावेश नव्हता. तेव्हा मराठीत हा ‘ओनी’ कोण, हा प्रश्न अद्याप मोकळाच आहे.

शब्दाचा इतिहास या कामी थोडे साहाय्य करतो. पाश्चात्त्य ‘व्हॅम्पायर’साठी जपानी भाषेने जो शब्द घडविला, तो ‘क्यूकेत्सुकी’, म्हणजे रक्त शोषणारा ओनी. त्यातील शेवटचे ‘की’ आणि ‘किमेत्सु’मधील आरंभीचे ‘की’ ही एकाच अक्षरचिन्हाची उच्चारणे आहेत. दुसरीकडे आपला ‘राक्षस’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात जाऊन ‘रासेत्सु’ झाला आणि ‘यक्ष’ हा ‘याशा’ झाला. या समानतेवर विसंबून ‘ओनी म्हणजे राक्षस’ असे समीकरण मांडणे सोपे आहे. परंतु असली समीकरणे फसवी असतात. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर करताना वेताळास ‘व्हॅम्पायर’ केले, आणि राजास कूटप्रश्न घालणारा तो चतुर प्रेतवासी इंग्रजी वाचकाच्या कल्पनेत उगाच रक्तपिपासू ठरला.

मराठीची व्यवस्था अशी आहे. राक्षस ही योनी आहे. राक्षस हा जन्मतःच राक्षस असतो. भूत, मुंजा, हडळ या मेलेल्या माणसाच्या अवस्था आहेत. तिसरी अवस्था जिवंत माणसाची. त्यास बाधा होते, तो झपाटला जातो, त्यास लागीर होते. परंतु त्याचे माणूसपण संपले असे कोणी मानत नाही. राक्षसाचा वध करावयाचा, भुताची शांत करावयाची आणि बाधा उतरवावयाची, असे हे तीन उपाय आहेत. एखाद्यास कोणत्या नावाने संबोधावयाचे हे ठरले, की त्याचे काय करावयाचे हेही ठरून जाते. प्रस्तुत भागाचा सारा संघर्ष या नामकरणाचाच आहे.

कथाभाग थोडक्यात असा. ताइशो काळातील (१९१२–१९२६) एका डोंगराळ मुलुखात तांजिरो कामादो हा पितृहीन, थोरला मुलगा कोळसा विकून आई व भावंडांचा निर्वाह चालवितो. नववर्ष जवळ आले म्हणून बर्फातून तो गावात कोळसा विकावयास जातो. परतताना रात्र होते, आणि साबुरो नावाचा वृद्ध त्यास ओनीचे भय सांगून आपल्या घरी थांबवून घेतो. सकाळी घरी येऊन पाहतो तो आई व भावंडे मारली गेलेली. एकट्या नेझुको या बहिणीच्या अंगात ऊब आहे. तिला पाठीवर घेऊन तो डोंगर उतरू लागतो, आणि वाटेत तीच ओनी होऊन त्याच्यावर चालून येते. तेवढ्यात गियू तोमिओका हा ओनींची शिकार करणारा खड्गधारी येऊन ठाकतो.

या रचनेतील एक लहानसा प्रसंग सहज नजरेआड होण्याजोगा आहे. गावात एक भांडे फुटते व आळ एका तरुणावर येतो. तांजिरो तुकड्यांचा वास घेऊन सांगतो, की हे मांजराचे काम. आणि लोक त्याचा शब्द मानतात. वरवर पाहता ही केवळ गंमत आहे. परंतु पुढे गियूपुढे तांजिरो जे सांगतो ते याच जातीचे आहे : घरात एका अनोळखी जीवाचा वास होता, मारेकरी तो, माझी बहीण नव्हे. गावात प्रमाण मानली गेलेली साक्ष रानात प्रमाण मानली जात नाही. मुलाच्या बोलण्याचे वजन त्याच्या माणसांच्या वस्तीबाहेर कसे शून्य होते, हे दाखविण्यासाठी याहून काटकसरीची योजना क्वचितच सुचली असती.

गियूचे म्हणणेही पोकळ नाही. जखमेत ओनीचे रक्त गेले की माणूस ओनी होतो. झालेला बदल उलटविण्याचा उपाय नाही. आणि भुकेला ओनी सख्ख्या भावंडांनाही खातो, हे त्याने पाहिलेले आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर गियू अनुमानावर उभा आहे आणि त्याची व्याप्ती पुष्कळ अनुभवांतून सिद्ध झालेली आहे. तांजिरोपाशी व्याप्ती नाही. त्याच्यापाशी एकच व्यक्ती आहे. एकाच्या मते नेझुको राक्षस झाली, सबब वध्य आहे. दुसऱ्याच्या मते तिला बाधा झाली, सबब ती बरी करावयाची आहे. मग नेझुको गियूच्या हातून निसटते आणि बेशुद्ध भावाच्या अंगावर झडप घालण्याऐवजी त्याच्यापुढे आडवी उभी राहते. या प्रत्यक्षापुढे अनुमान थबकते. गियूचे खड्ग मागे येते ते दयेमुळे नव्हे, तर त्याच्या नियमास बाध आल्यामुळे. हे प्रामाणिक शिकाऱ्याचे लक्षण आहे, आणि कथेने त्यास ते श्रेय दिले आहे.

ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीशी तुलना केल्यास या वळणाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. तेथे लूसी ही तरुणी मृत्यूनंतर रक्तपिपासू होते, आणि व्हॅन हेल्सिंगच्या मार्गदर्शनाखाली तिचा नियोजित पती आर्थर आपल्या हाताने तिच्या हृदयात खुंटा ठोकतो. ही आता लूसी नव्हे, हे एकदा पटविले गेले की प्रेमाचे कर्तव्य वध हेच उरते. गोतोगे यांनी तोच पेच घेतला आणि उलट दिशेने सोडविला : ही अजून नेझुकोच आहे, असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा सारा भार टाकला. लूसीच्या गोष्टीत आप्ताचा हात शस्त्राला लागतो. येथे आप्तच शस्त्राच्या आड येतो.

शेवटी जो तोडगा निघतो तो मराठी वाचकास परका वाटू नये. नेझुकोच्या तोंडात बांबूचा तुकडा बांधला जातो, तिला उन्हात नेऊ नये असे बजावले जाते, आणि सागिरी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या साकोंजी उरोकोदाकी या गुरूकडे जाण्याचे सांगितले जाते. हा वध नव्हे आणि उताराही नव्हे; हे बंधन होय. आपल्याकडील मांत्रिकही भूत ‘बांधतो’, आणि हे बांधणे म्हणजे उपाय सापडेपर्यंतची मुदत असते. पहिल्या भागाने पुढील दीर्घ कथेस जागा करून दिली ती या मुदतीच्या रूपाने.

याच पट्ट्यात, चाकणपासून फार दूर नसलेल्या आळंदीची एक परंपरा येथे आठवते. आईबाप गमावलेली चार भावंडे; लोकांच्या वागणुकीने व्यथित होऊन ताटी लावून बसलेला भाऊ; आणि त्याने दार उघडावे म्हणून विनविणारी धाकटी बहीण. मुक्ताबाईंच्या नावावरील ‘ताटीचे अभंग’ याच प्रसंगाशी जोडले जातात. प्रभावाचा येथे काहीच संबंध नाही. साम्य आहे ते परिस्थितीचे. माणसांपासून तुटू पाहणाऱ्यास परत आणण्याचा अधिकार दोन्हीकडे अनाथ भावंडाकडेच राहतो.

परंतु हीच तुलना प्रस्तुत भागातील उणीवही उघडी पाडते. आळंदीत बहीण बोलते, आणि तिच्या बोलण्याने दार उघडते. येथे बहिणीची वाणीच प्रथम नष्ट होते, नंतर तिचे तोंड बांधले जाते, आणि तिच्याविषयीचा निर्णय दोन पुरुष परस्परांत करतात. ती भावापुढे आडवी राहते ही कृती तिची स्वतःची आहे, आणि तेच या भागाचे उत्तमांग होय. तथापि तिच्या माणूसपणाची साक्ष केवळ भावाच्या रक्षणातूनच मिळावी, हा कथेचा संकोच आहे. इतर भावंडेही एकेका वाक्यापुरती दिसतात. त्यांचे जगणे न दाखविता त्यांच्या मरणाचे दुःख मात्र आपल्याकडून अपेक्षिले जाते.

रूपांतराविषयी दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. मूळ चित्रकथेतील काळ्या शाईत कोळशाची काजळी आणि रक्त यांचा रंग एकच असतो. पडद्यावर ते वेगळे होतात. आरंभी आई मुलाच्या गालावरची काजळी पुसते आणि नंतर त्याच पांढऱ्या बर्फावर तांबडे थेंब पडतात. हा वर्णक्रम म्हणजे चित्रमालिकेची खरी कमाई आहे. उलट, गियूचे दीर्घ स्वगत जसेच्या तसे ठेवणे ही तिची चूक होय. मुलाने बर्फात गुडघे टेकून केलेली याचना आणि त्यावरील गियूचा संताप पाहिल्यावर, तो संताप मुलास उभे करण्यासाठीच होता, हे प्रेक्षकास वेगळे सांगावे लागत नाही. छापील पानावर वाचक हवे तेथे थांबतो; पडद्यावर असे स्वगत साऱ्या प्रसंगासच थांबविते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘ओनी’साठी मराठीत एकच प्रतिशब्द मुक्रर करण्याची घाई भाषांतरकाराने करू नये. शिकाऱ्याच्या तोंडी ‘राक्षस’ यावा, वृद्ध साबुरो याच्या तोंडी एखादे ग्रामीण ‘भूत’ यावे, आणि भावाच्या तोंडी ‘हिला काहीतरी झाले आहे’ याहून अधिक काही येऊ नये. जपानीत जो वाद एका शब्दाभोवती फिरतो, तो मराठीत निरनिराळ्या शब्दांत उभा करता येईल, आणि त्यात मूळ कृतीची हानी होणार नाही. ‘काइझेन’ भाषांतरावाचून चालला. ‘ओनी’ तसा चालविल्यास मात्र कथेचा कणाच मोडेल. कारण समोरचे माणूस कोणत्या नावाचे आहे हे ठरविण्याचा हक्क कोणाचा, हाच या पहिल्या भागाने विचारलेला प्रश्न आहे.