भुताच्या सिनेमातल्या बायका

भुताचा सिनेमा म्हटलं की शिकलेला माणूस हसतो. मला मात्र वाटतं, माणसं कशाला भितात आणि कुणाचं पाप झाकतात हे कळायला हे सिनेमे नीट बघावेत. इथं दोनच घेतो. दोन्ही आमच्या यात्रेतल्या तंबूत बघितलेले, शहरात जुने होऊन मग आमच्याकडं आलेले.

पहिला 'बीस साल बाद'. १९६२ सालचा, दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. गोष्टीचा सांगाडा शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याचा. मूळ गोष्टीतही शेतकऱ्याची पोर उमराव उचलून नेतो, ती मरते, पण सूड घेतो तो कुत्रा. हिंदी सिनेमानं कुत्रा काढून टाकला आणि सूड त्या पोरीच्याच नावावर घातला. ठाकुरानं अब्रू घेतली, तिनं जीव दिला, आता तिचा आत्मा त्या घराण्यातल्या पुरुषांना मारतो, अशी गावात वदंता. वारस असलेला विश्वजीत हवेलीत येतो, रात्री लताबाईंचा आवाज घुमतो, आणि शेवटी कळतं की भूतबीत काही नाही. मारणारा आहे त्या पोरीचा बाप.

इथं सिनेमाची खरी ताकद आहे. भूत खोटं निघतं, पण अन्याय खरा निघतो. सूड घ्यायला बापाला भुताचा आडोसा घ्यावा लागला, कारण ठाकुराविरुद्ध उघड बोलायची सोय नव्हती. आणि इथंच सिनेमा कच खातो. ज्याची पोर गेली तो गुन्हेगार ठरतो, आणि ज्या घराण्यानं ती घालवली त्याच्या वारसाला वहिदा रेहमान मिळते. वारस निर्दोष आहे हे खरं. पण त्या पोरीचं काय, हा प्रश्न पटकथेनं गुंडाळून ठेवला. आमच्या तंबूत तो गुंडाळला गेला नाही. मागं बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "बरं केलं गड्या बापानं!" कुणी त्याला गप्प केलं नाही.

दुसरा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर', १९८४ सालचा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं राजा हरिमान सिंह उडवतो. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरेल. पिढ्यांनंतर त्या घराण्यातला ठाकूर, म्हणजे प्रदीपकुमार, आपल्या पोरीचं प्रेम मोडायला निघतो. उंचापुरा अनिरुद्ध अग्रवाल सामरी म्हणून पडद्यावर आला की पोरं किंचाळायची. सिनेमात ढिसाळपणा भरपूर. जगदीपची 'शोले'ची नक्कल मधेच घुसते आणि जमत आलेली भीती घालवते.

पण कनातीपलीकडं बायका बसल्या होत्या, त्या सामरीला भ्याल्या नाहीत. शापाचे शब्द आले तेव्हा ती बाजू एकदम चिडीचूप झाली. माझी धाकटी चुलती पहिल्या बाळंतपणात गेली होती. ओढ्याला पाणी, तालुक्याची वाट चिखलाची, गाडी जुंपूनही उपयोग झाला नाही. ती हडळ होऊन माघारी येऊ नये म्हणून तिच्या तिरडीमागं राळे टाकत गेले. का, तर दाणे मोजता मोजता तिची रात्र सरावी. जी बाई गाडीची वाट बघत मेली, तिलाच गाव भ्यालं. आज्जी सिनेमाहून येताना एवढंच बोलली, "राजानं पाप केलं का पुण्य, मरायचं बायकांनीच व्हय रं?"

त्या सिनेमावर याच्याइतकी नेमकी टीका मी पुढं कुठं वाचली नाही. भांडण राजाचं आणि सैतानाचं, किंमत मोजतात लेकी. रामसेंनी हे मुद्दाम मांडलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांना घाबरवायचं होतं, आणि भीती शोधत ते बरोबर त्या जागी पोचले, जिथं घरात कुणी बोलत नाही. बापाला आपल्या लेकीच्या संसाराचीच भीती वाटते, ही कल्पना कुठल्याही मुखवट्यापेक्षा भयंकर आहे.

दोन्ही सिनेमे शेवट मात्र सोपा करतात. एकात खुनी सापडतो, दुसऱ्यात सैतान संपतो आणि शाप फिटतो. आमच्याकडं ओढ्यावर पूल झाला, नर्सबाई गावात राहायला आली, तेव्हा बाळंतपणातली मरणं कमी झाली. हडळीही मग कमीच दिसायला लागल्या. चुलतीला मात्र जुनी माणसं अजून ओढ्याकाठची हडळच म्हणतात. तिचं नाव गंगू होतं.