वीतभर पाण्यातली चित्रं

चौकटीचा बहुतेक भाग काळा आहे. डाव्या बाजूला खालून वर गेलेली, फांद्या फुटलेली एक बारीक काडी. तिच्यावर जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा एक जीव वळसा घेऊन बसलेला. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी उभट, अर्धपारदर्शक उंचवट्यांच्या रांगा. प्रत्येकाच्या आत केशरी रेघ, टोकाशी दुधी ठिपका. डोक्यावर दोन शिंगं. एका मित्रानं मालवणच्या समुद्रात आठ-नऊ मीटर खोलीवर टिपलेलं हे छायाचित्र मी मोठं छापून घेतलं आणि हिंगोलीतल्या घरी लावलं. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, हे कुठल्या बेटावरचं? मालवणचं म्हटलं की पुन्हा एकदा जवळ जाऊन बघतो.

हा जीव म्हणजे समुद्री गोगलगाय. उत्क्रांतीच्या ओघात शंख टाकून दिलेली, उघड्या अंगाची. शास्त्रज्ञ या गटाला न्यूडिब्रँक म्हणतात आणि जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत. चित्रातली इओलिड नावाच्या उपगटातली. तिच्याखालची काडी वनस्पती वाटते, पण तोही प्राणीच आहे: हायड्रॉइड, म्हणजे प्रवाळाच्या आणि जेलीफिशच्या नात्यातली एक वसाहत. काडीच्या टोकाटोकांवर जी इवली फुलं दिसतात ती तिची तोंडं. त्यांच्याभोवतीच्या स्पृशांमध्ये दंशपेशी असतात आणि पोहणाऱ्याच्या उघड्या कातडीला त्या लागल्या तर चांगलीच आग होते.

हे माहीत झालं की चित्र वाचता येतं. काडीच्या उजव्या फांद्यांवर फुलं उघडी आहेत; डाव्या फांद्या बोडक्या. गोगलगाय बरोबर या दोन्हींच्या मध्ये आहे आणि तिचं तोंड उजवीकडे आहे. म्हणजे बोडक्या फांद्या तिनं फस्त केल्या आहेत आणि उरलेल्या आता खाणार आहे. एका क्षणाच्या चित्रात मागचा तास आणि पुढचा तास दोन्ही आले. पाठीवरच्या उंचवट्यांतली ती केशरी रेघ म्हणजे तिच्या पचनग्रंथीची शाखा. खाल्लेलं अन्न तिथवर पोचतं. आणि टोकाचे दुधी ठिपके? हायड्रॉइड खाताना त्याच्या दंशपेशींतली काही शस्त्रं न फुटता तिच्या शरीरात जातात, या टोकांपर्यंत वाहून नेली जातात आणि तिथल्या पिशव्यांत साठवली जातात. पुढे एखाद्या माशानं तिला तोंडात धरलं, तर तीच त्याला डसतात. भक्ष्यानं स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेलं शस्त्र भक्षकाच्या पाठीवर उभं आहे, आणि ते नेमकं कुठे आहे हे चित्रात बोट ठेवून दाखवता येतं.

काडीच्या बुडाशी एक पांढरी, वेटोळी फीत आहे. घाईत पाहणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते. ती हिची किंवा हिच्याच जातीतल्या दुसरीची अंडी. या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि इओलिड पुष्कळदा आपल्या अन्नावरच अंडी घालतात. अन्न, शस्त्र आणि पुढची पिढी, सगळं एकाच चौकटीत.

मित्रानं फोकस शिंगांवर ठेवला आहे, आणि या चित्राचं मोठेपण मला इथेच दिसतं. शिंगं म्हणजे तिचं नाक. पाण्यात विरघळलेला वास ती त्यांनी टिपते आणि त्या वासाच्या मागानंच हायड्रॉइडपर्यंत पोचते. तिचे डोळे उजेड-अंधार ओळखण्यापुरते, कातडीखाली दडलेले. माणसाच्या किंवा पक्ष्याच्या चित्रात आपण डोळ्यांत डोळे घालतो. इथे छायाचित्रकारानं प्राण्याचं जग ज्या इंद्रियातून उलगडतं त्याच इंद्रियाला धार दिली आहे. शिंगांवरच्या बारीक वळ्या मोजता येतात. तिथून दोन-तीन मिलिमीटर मागे गेलं की सगळं मऊ होत जातं, शेपूट तर धूसरच. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, भिंगाचं छिद्र एफ सोळा-बावीसपर्यंत बारीक केलं तरी इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरच मिळतो. मग तो पट्टा कुठे खर्च करायचा, हा छायाचित्रकाराच्या समजुतीचा प्रश्न होतो. रंगीत पाठीवर फोकस ठेवला असता तर चित्र देखणं झालं असतं आणि मुकं राहिलं असतं.

तो काळोखही घडवलेला आहे. आठ मीटरवर दुपारी चांगला उजेड असतो, हिरवट का होईना. पाणी तांबडा रंग आधी शोषून घेतं, पाच-दहा मीटरमध्येच त्यातला बहुतेक नाहीसा होतो. नुसत्या उन्हात ही केशरी रेघ मळकट करडी दिसली असती. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, लांब दांड्यांवर बसवलेले फ्लॅश, ज्यांना स्ट्रोब म्हणतात. त्यांचा झोत जवळच्या जिवावर पूर्ण पडतो, मागच्या पाण्यावर पडून परत येण्यासारखं काही नसतं, आणि बारीक छिद्र व वेगवान शटर मिळून उरलेला उजेड बाहेर ठेवतात. मागे फक्त काळं उरतं. हा काळोख आजकाल फार स्वस्त झाला आहे; स्पर्धांतून शेकडो चित्रं अशीच येतात आणि पुष्कळदा त्यांतला जीव पोकळीत टांगल्यासारखा वाटतो. इथे काडी आहे, बोडक्या फांद्या आहेत, अंडी आहेत. जीव कुठे उभा आहे ते कळतं, म्हणून मला हा काळोख मान्य आहे.

वरच्या कोपऱ्यात दोन पांढरे कण चमकतात. पाण्यात तरंगणारा गाळ स्ट्रोबच्या उजेडात असा उजळतो आणि बहुतेकजण तो संगणकावर पुसून टाकतात. मित्रानं ठेवला. मालवणचं पाणी गढूळ आहे, नद्यांचा गाळ आणि प्लवकांनी भरलेलं, आणि ते दोन कण या चित्रात ती गोष्ट प्रामाणिकपणे सांगतात.

मला या गढूळपणाबद्दलच बोलायचं आहे. आपल्याकडचे हौशी लोक स्कूबासाठी अंदमानला जातात, हॅवलॉकला म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. तिथे पाणी आरपार दिसतं, वीस-पंचवीस मीटरवरची प्रवाळाची भिंत नजरेत मावते. त्याची गोडी मी नाकारत नाही. पण आरपार पाणी लागतं ते लांबचं टिपायला. मॅक्रोमध्ये भिंग आणि जीव यांच्यात वीतभर, कधी चार बोटं अंतर असतं. तेवढ्या पाण्यात गाळ कितीसा आड येणार? या कलेची पंढरी मानली जाते ती इंडोनेशियातली लेंबे सामुद्रधुनी, सुलावेसी आणि लेंबे बेटाच्या मधली. तिथे तळाला ज्वालामुखीची काळी वाळू आणि चिखल आहे. फिलिपिन्सच्या अनिलाओलाही लोक अशाच गाळाच्या उतारांवर तासन् तास एकेक मीटर सरकत राहतात. हजारो मैल विमानानं जाऊन माणसं गाळात नाक खुपसतात, कारण लहान जिवांची श्रीमंती तिथेच असते. मग आपला गढूळ कोकण किनारा या कलेत मागे का धरायचा?

आमच्याकडे औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे. रस्त्यावरून बघितलं तर नजरेत भरतो तो दगडाचा भार. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून प्रदक्षिणा घालायला लागलं की एकेका मूर्तीचा दागिना, बोटांची ठेवण, वस्त्राची चुणी उलगडते, आणि एका बाजूलाच सकाळ जाते. मी लहानपणी तिथे बघायला शिकलो. मॅक्रोचित्रं बघताना तीच सवय कामी येते.

या कलेच्या इतिहासातला माझा आवडता प्रसंग तर जाणूनबुजून बघण्याचाही नाही. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्गिबाँ हे नूमेआच्या मत्स्यालयासाठी समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी वाढणारी प्रवाळं, गोळा करत होते. वर आणलेल्या पंख्यावर त्यांना दोन सेंटीमीटरचे समुद्रघोडे चिकटलेले दिसले. अंगावर पंख्याच्या मिटलेल्या तोंडांसारखेच गाठाळ फोड, रंगही तोच. पुढच्याच वर्षी मत्स्यशास्त्रज्ञ व्हिटली यांनी त्या जातीला बार्गिबाँचं नाव दिलं. पाणबुडे त्याच पंख्यांशेजारून आधीही पोहत गेले असणार. त्या काळचा पाणबुड्यांचा कॅमेरा होता निकोनॉस, १९६३ पासूनचा. त्याला मॅक्रोची नळी लावली की पुढे तारेची एक चौकट येई आणि ती जिवाभोवती धरूनच चित्र घ्यावं लागे, कारण भिंगातून बघायची सोयच नव्हती. फिल्म छत्तीस चित्रांची. ती संपली की वर यायचं. धीट मासाही पळून जायचा, गोगलगाय तेवढी चौकटीत राहायची. मॅक्रोच्या जुन्या संग्रहांत गोगलगायी इतक्या का, त्याचं हेही एक कारण असावं.

आज पडद्यावर चित्र लगेच दिसतं आणि त्यातून एक वाईट खोड आली आहे. जीव सोयीच्या जागी नसला तर काही वाटाडे धातूच्या कांडीनं त्याला सरकवतात, ढोसतात, उघड्यावर आणतात. मार्टेन डी ब्राउवर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासला. फ्लॅशपेक्षा हात लावण्यानं, हलवण्यानं मासे जास्त बिथरले. सरकवलेला जीव जाणकाराला चित्रातही कळतो. गोगलगाय तिच्या अन्नापासून तुटलेली असते, नुसत्या वाळूवर किंवा भलत्याच रंगाच्या प्रवाळावर बसवलेली. असं चित्र कितीही नेटकं असो, मी ते बाजूला ठेवतो. त्यात वाचायला काही उरलेलं नसतं, कारण त्यातलं वाक्य छायाचित्रकारानं स्वतः लिहिलेलं असतं.

खरं कौशल्य तरंगण्यात आहे. तळाला गुडघा न टेकता, फिनच्या एका फटक्यानं गाळ न उडवता, श्वासाच्या लयीवर शरीर जागच्या जागी धरायचं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हे शिकता येतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, त्याच किनाऱ्याला लागून.

आणि पाण्यात उतरायलाच हवं असंही नाही. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ सुरू केलं. हाजी अली, गिरगाव, जुहू अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी ते लोकांना खडकातल्या डबक्यांपाशी नेतात आणि मुंबईच्या मध्यावर प्रवाळ, ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी दाखवतात. मुंबईच्या नावाची एक समुद्री गोगलगायच आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, १९४६ साली विंकवर्थ यांनी नोंदलेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) माजी संचालक दीपक आपटे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं भारतातल्या शंखशिंपल्यांवर आणि समुद्री गोगलगायींवर घालवली. २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या एका इओलिडला क्रेटेना पवारशिंदेओरम असं नाव मिळालं, त्या नामकरणात आपटेही होते. आपली आडनावं अशा ठिकाणी पोचलेली बघून मला मनापासून आनंद होतो.

हिंगोलीकराला समुद्राचं वेळापत्रक कळायला भिंतीवरचं पंचांग पुरतं. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते आणि तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाचला. खडकात उतरायला अंधार फार. पण उधाणाचा, म्हणजे ओहोटीला पाणी लांब मागे सरण्याचाही, जोर पौर्णिमा-अमावास्येनंतरही एक-दोन दिवस टिकतो. द्वितीयेला भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला, चांगल्या उजेडात. हिशेब ढोबळ आहे, म्हणून घड्याळात साडेसहा वाजले की निघावं. पाणी मागे सरत असताना त्याच्यामागून खडकात जावं, डबक्यात हात न घालता एकाच कपारीपाशी उकिडवं बसावं, आणि पाणी फिरलं की मुकाट्यानं मागे यावं.