ऐतिहासिक कादंबऱ्यांचीं मुखपृष्ठें व त्यांवरील पोशाख

जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एक गठ्ठा प्रस्तुत लेखकाच्या हातीं नुकताच रद्दीच्या दुकानांतून आला. मजकूर वाचण्यापूर्वीं दृष्टि गेली ती मुखपृष्ठांकडे. शिवकालीन कथेच्या एका मुखपृष्ठावर नायकाच्या मस्तकीं उत्तर पेशवाईच्या घाटाची पगडी होती. दुसऱ्यावर सतराव्या शतकांतील सरदारकन्या गोल पातळ नेसून व झालरीचा झंपर घालून बुरुजावर उभी होती. अशीं चित्रें पाहून प्रथम हसूं येतें व मागाहून राग येतो. परंतु हसून वा रागावून परीक्षण होत नाहीं. म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें मांडणें अवश्य वाटतें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, या चुकांचें खापर कादंबरीकाराच्या माथीं फोडण्याची घाई करूं नये. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत क्रमशः आली. हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळांत ‘करमणूक’ पत्रांतून प्रसिद्ध होत होती. म्हणजे या कथा वाचकांपुढें आल्या तेव्हां त्यांस स्वतंत्र मुखपृष्ठ असण्याचा प्रश्नच नव्हता. पुस्तकरूप, पुढच्या आवृत्त्या व रंगीत चित्र हीं मागाहून आलीं. यास्तव परीक्षकानें तीन काळ वेगळे धरले पाहिजेत: प्रसंगाचा काळ, लेखनाचा काळ व चित्राचा काळ. आवृत्तीचें साल न पाहतां चित्रावरून ग्रंथाची योग्यता ठरविणें म्हणजे नकलेवरील खाडाखोडीबद्दल मूळ कागदास दोष देण्यासारखें आहे.

आतां चित्रकारापुढें साधनें होतीं कीं नाहीं, हें पाहूं. पेशवाईच्या अखेरच्या पर्वापुरतें तरी ‘साधनें नव्हतीं’ असें म्हणण्यास जागा नाहीं. जेम्स वेल्स हा चित्रकार रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यास राहिला होता व १७९५ सालीं मरण पावला. त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांस समोर पाहून चित्रें काढलीं. पागोट्याची बांधणी, अंगावरील मलमल, मोत्यांच्या माळा हें सर्व त्यांत पाहावयास मिळतें. शिवकालासाठीं समकालीन दख्खनी चित्रें व डच संग्रहांतील चित्रें आहेत. त्यांत महाराजांच्या अंगीं जामा, कमरेस पटका, पायांत विजार, आणि माथ्यालगत बसलेल्या पागोट्यावर तुरा असा वेश दिसतो.

मात्र साधन हातीं असलें तरी तें वाचावें लागतें. मोगल अमलांतील चित्रांत हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेखालीं व मुसलमानांचे उजव्या बगलेखालीं बांधलेले सामान्यतः दिसतात. ही खूण उपयोगी खरी. पण ताम्रपटावर मूळ चित्र जसेंच्या तसें कोरलें तर कागदावर त्याची छाप उलटी उमटते व डाव्याचें उजवें होतें. म्हणून यूरोपांत कोरलेल्या चित्राच्या आधारें बंदांच्या बाजूबद्दल निर्णय देतांना फार सावध राहिलें पाहिजे.

या एका बंदाच्या फरकावरूनच आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतां येतें. एके काळीं शिवाजीमहाराजांचें म्हणून प्रचारांत असलेलें एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नामक गृहस्थाचें होतें. ही चूक दाखवून वा. सी. बेंद्रे यांनीं व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथांतील महाराजांचें चित्र पुढें आणलें. असा घोटाळा मुळांत होऊं शकला, याचें एक कारण आमच्या मतें असें कीं, त्या काळच्या दरबारी लोकांचा वेश दोन्ही पक्षीं बव्हंशीं एकच होता. जामा, पटका, कट्यार यांवरून मराठा सरदार कोणता व आदिलशाही अमीर कोणता हें झटकन् ओळखतां येत नसे. मुखपृष्ठांवर मात्र हें पहिल्या नजरेस ओळखूं येतें! एका बाजूस भगवा रंग व पगडी, दुसऱ्या बाजूस हिरवा रंग व उग्र दाढी, अशी वांटणी चित्रकारानें आधींच करून ठेवलेली असते. ‘गड आला पण सिंह गेला’ या आपट्यांच्या कादंबरीचा विषय असलेलें १६७० सालचें सिंहगडचें युद्ध घ्या. किल्लेदार उदेभान हा राठोड रजपूत होता. तानाजीपुढें अशा मनुष्यास सर्वस्वी परक्या वेशांत उभें केलें, तर मोगलांच्या चाकरींत रजपूत लढत होते ही त्या प्रसंगांतील मोठी गोष्टच वाचकाच्या दृष्टीआड होते.

पगडीचा घाट शंभर वर्षें पुढचा निघाला तर तो अजाणतेपणाचा दोष होय; अभ्यासानें तो सुधारतां येतो. परंतु ज्यांचा वेश एक होता त्यांस दोन जगांतले करून दाखविणें हा इतिहासाच्या अर्थांतच केलेला फेरफार होय, व तो टीपा देऊन सुधारत नाहीं. मजकूर विसरला जातो. लहानपणीं पाहिलेलें चित्र मात्र मनांतून जात नाहीं.

इतकें म्हटल्यावर या मुखपृष्ठांची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रसंगाच्या काळाविषयीं तीं खोटी साक्ष देतात. आपल्या स्वतःच्या काळाविषयीं मात्र खरी देतात. झंपर व गोल पातळ हीं शिवकाल सांगत नाहींत. चित्रकाराच्या घरच्या व शेजारच्या स्त्रिया काय नेसत होत्या हें सांगतात. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ सालीं आपट्यांच्या याच कादंबरीवरून निघाला. त्यापुढच्या मुखपृष्ठांवरील वेश दफ्तरांतून आला कीं पडद्यावरून व रंगभूमीवरून आला, याचा शोध घेण्यासारखा आहे. गेल्या शतकांत महाराष्ट्रानें आपला इतिहास कोणत्या वेशांत कल्पिला, याचें सलग साधन या चित्रांवांचून दुसरें क्वचितच मिळेल.

दुर्दैवानें तेंच साधन नष्ट होत आहे. जुन्या कादंबऱ्या पुन्हा बांधतांना अनेक ग्रंथालयांतून मूळ मुखपृष्ठ फाडून टाकलें जातें व जाड पुठ्ठ्यावर नुसता दाखल क्रमांक राहतो. आमच्या गठ्ठ्यांतील सात प्रतींपैकीं चार प्रतींची हीच गत झाली होती. ग्रंथपालांस विनंति कीं, बांधणी करतांना मुखपृष्ठ आंत शिवून घ्यावें. प्रकाशकांस सूचना कीं, नव्या आवृत्तींत चित्रकाराचें नांव, चित्राचें साल व वेशास घेतलेला आधार एका ओळींत छापावा. आधार नसेल तर चित्र कल्पित आहे असें म्हणावें. तेवढ्यानें कादंबरीच्या गोडीस कांहीं उणेपणा येणार नाहीं.