वंशाने मिळणारं नागरिकत्व: रक्ताचं की रजिस्टरचं?

मी जनुकांवर पीएचडी करते हे कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "आमचं मूळ कुठलं, हे सांगता येईल का?" दुसरा हल्ली जास्त ऐकू येतो, "डीएनए चाचणीत युरोपचा टक्का निघाला, तर तिकडचं नागरिकत्व मिळतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. पण ते "नाही" का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. शेवटी ते आपल्या नांदेड-लातूरच्या तहसील कार्यालयापर्यंत येऊन पोचतं.

आयर्लंड, इटली, पोर्तुगाल असे बरेच देश पूर्वजांच्या आधारे नागरिकत्व देतात. आपण त्याला सरसकट "वंशाधारित नागरिकत्व" म्हणतो. माझा आक्षेप या शब्दालाच आहे. "वंश" म्हटलं की वाटतं, रक्तातलं काहीतरी शोधलं जातंय, निसर्गाने दिलेला हक्क फक्त सिद्ध करायचाय. प्रत्यक्षात हे कायदे रक्त तपासतच नाहीत.

आधी विज्ञान

प्रत्येकाला आई आणि बाबांकडून निम्मा-निम्मा डीएनए मिळतो. आजोबांकडून सरासरी २५ टक्के, पणजोबांकडून साडेबारा. पाच पिढ्या मागे गेलात तर तुमचे ३२ पूर्वज होतात आणि प्रत्येकाचा वाटा सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. दहा पिढ्या मागे ही संख्या १,०२४ होते. पण डीएनए पुढच्या पिढीत मोठमोठ्या तुकड्यांनी जातो, त्याचं बारीक पीठ होत नाही. त्यामुळे इतक्या मागच्या अनेक पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला नसतो. ते वंशावळीत आहेत, तुमच्या पेशीत नाहीत.

चाचणीतला "युरोप ५ टक्के" हा आकडाही जपून वाचायचा. कंपनी तुमचे तुकडे आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून अंदाज बांधते. साम्य दिसलं म्हणजे पणजोबा पोर्तुगीज होते असं नाही. चार हजार वर्षांच्या आसपास मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भारताकडे आलेल्या लोकांचा वाटा आपल्यापैकी अनेकांत आहे, आणि त्यांच्याशी नातं असलेले लोक युरोपातही पसरले होते. म्हणजे ते साम्य दूरच्या सामायिक पूर्वजांचंही असू शकतं. कोणत्याही वकिलाती यावर शिक्का मारणार नाहीत, आणि शास्त्र म्हणून ते योग्यच आहे.

मग गोव्यात काय होतं?

भारतात या विषयाचं सगळ्यात मोठं उदाहरण गोव्याचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारात. त्यानंतर १९७५ च्या कायद्यात पोर्तुगालने जुन्या भारतीय वसाहतीत जन्मलेल्यांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याची मुभा ठेवली. म्हणून मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेली व्यक्ती आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवू शकते. तिच्या नोंदीवर मुलाची, मुलाच्या नोंदीवर नातवाची नोंद होते, आणि घरात युरोपीय संघाचा पासपोर्ट येतो.

आता बघा, यात युरोपीय रक्त कुठे आलं? अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे पूर्वज शेकडो वर्षं गोव्यातलेच, कोकणी बोलणारे. हिंदू घरातलेही अर्ज करू शकतात, कारण पोर्तुगीज काळात नागरी नोंदणी सगळ्यांची होत होती. आजोबा कोण होते, हे विचारलंच जात नाही. विचारलं जातं ते एवढंच, की आजोबांचा जन्म कुणाच्या दप्तरात लिहिला गेला. खरी दमछाकही तिथेच होते, पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळवताना.

त्याच १९७५ च्या कायद्याने अंगोला आणि मोझांबिकमध्ये जन्मलेल्यांना वेगळा न्याय लावला. स्वातंत्र्यानंतर तिथल्या बहुसंख्य आफ्रिकी लोकांचं पोर्तुगीज राष्ट्रीयत्व गेलं. ते राहिलं मुख्यतः त्यांचं, ज्यांचे आईवडील, आजोबा किंवा पणजोबा खुद्द पोर्तुगालात जन्मले होते. साम्राज्य एक, कायदा एक, पण "पूर्वज" शब्दाचे अर्थ दोन. हा फरक राजकारणाने घातला, निसर्गाने नाही.

रेषा सरकते, जनुकं तीच राहतात

इटलीत तर पिढ्यांची मर्यादाच नव्हती. १८६१ नंतर हयात असलेला एक इटालियन पूर्वज आणि मधली न तुटलेली साखळी दाखवली की काम व्हायचं. मार्च २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि साधारणपणे आजी-आजोबांच्या पलीकडचा दरवाजा बंद केला. ब्वेनोस आयरिसमध्ये राहणाऱ्या कुणा पणतवाच्या पेशीत त्या रात्रीत काहीही बदललं नाही, पण सकाळी तो इटलीचा "वंशज" उरला नाही.

त्याच कायद्याची दुसरी बाजू मला जास्त खटकते. १ जानेवारी १९४८ पूर्वी जन्मलेल्या मुलाला आईकडून इटालियन नागरिकत्व मिळत नसे. त्या साखळीवर हक्क सांगायचा तर नेहमीच्या अर्जाने भागत नव्हतं, कोर्टात जावं लागत होतं. जीवशास्त्राच्या हिशोबाने आईचा वाटा बापाइतकाच, किंबहुना कणभर जास्त, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. तरी कायद्याने निम्मे पूर्वज खोडून टाकले होते.

आता आपल्याकडे

हे वाचून लांबचं वाटत असेल, तर सप्टेंबर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाडाभर निजामकाळातली उर्दू, फारसी, मोडी दप्तरं उघडली गेली. मग २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला. आरक्षण कुणाला मिळावं हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. मला पद्धत दाखवायची आहे. लिस्बनला जाणारा गोवेकर आणि तहसीलला जाणारा औशाचा शेतकरी, दोघेही एकच गोष्ट शोधतायत, आजोबांच्या नावापुढचा एक शब्द, परक्या लिपीत, गेलेल्या राजवटीच्या कागदावर.

आता दोघांतला फरक बघा. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, पण निजामाचं राज्य समुद्रापलीकडे कुठे शिल्लक राहिलं नाही. गोव्याचा राज्यकर्ता हरला तरी लिस्बन होतं. म्हणून म्हापशात १९५० साली जन्मलेल्या माणसाच्या नातवाला युरोपचं दार उघडं आणि उदगीरमध्ये त्याच वर्षी जन्मलेल्याच्या नातवाला नाही. यात कुणाचं कर्तृत्व नाही आणि कुणाचा दोषही नाही. इतिहासाचा हा अपघात आहे, पण त्याला आपण "वंशाचा हक्क" म्हणतो.

आणि ज्यांची नोंदच नाही त्यांचं काय? आपल्याकडे जुन्या पिढीतल्या पुष्कळ जणांची जन्मतारीख म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून. खासरा पाहणी पत्रकात नाव येतं जमीन असलेल्याचं. भूमिहीनाचं, पालावर राहणाऱ्याचं, सासरी आलेल्या बाईचं नाव त्यात कुठून येणार? जात पडताळणीची वंशावळही बापाकडूनच वर चढते. यांना पूर्वज नव्हते का? प्रत्येकाला सारखेच होते, दहाव्या पिढीत १,०२४ जागा. फक्त त्यांच्या बाजूला कुणी टाक घेऊन बसलं नव्हतं.

गोव्यातल्या लोकांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनीही किंमत मोजली आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. नुसती लिस्बनची जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व "घेणं" झालं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झाले. ओसीआय कार्ड मिळालं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांच्या कागदावर युरोप मिळवताना आजोबांच्या गावातलं मत सोडावं लागतं.

राज्यांना कुठेतरी रेषा आखावीच लागते, हे मला मान्य आहे. कागदाशिवाय कारभार चालत नाही. पण मग स्पष्ट बोलावं: हे नोंदीवर आधारलेलं नागरिकत्व आहे, आणि नोंद कुणाची झाली हे सत्तेने ठरवलं. असं म्हटलं की नियमांवर वाद घालता येतो, आईची बाजू का नाही, भूमिहीनाचा पुरावा कोणता, असं विचारता येतं. "रक्त" म्हटलं की वाद संपतो, कारण रक्तापुढे कुणी बोलत नाही.

तेव्हा डीएनए चाचणीवर पैसे घालणार असाल तर हौस म्हणून जरूर घाला. पण कागदपत्रं हवी असतील तर आधी घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. आणि आजी हयात असेल, तर तिच्या माहेरची नावं आजच लिहून घ्या. ती बहुधा कुठल्याच दप्तरात नसतील.