एकवीस मिलिमीटरचा ऐसपैसपणा

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बहुतेक जण बाजूने बघतात. बॉयलरची लांबी, धुरांड्याचा बाक, नंबराची पाटी हे सगळं बाजूनेच नीट दिसतं. आयर्लंडचं इंजिन असेल तर मी मात्र ते आधी समोरून बघतो. बफरच्या खाली, दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेत, बांधणाऱ्याची समज पहिल्यांदा कळते.

आयर्लंडचे रूळ एकमेकांपासून ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर अंतरावर असतात. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच कमी, इंग्लंडपेक्षा साडेसहा इंच जास्त. सुरुवातीला तिथे ज्याचं त्याचं माप होतं. १८३४ मध्ये धावू लागलेली डब्लिन-किंग्सटाउन लाइन इंग्रजी मापाची, बेलफास्टकडच्या अल्स्टर रेल्वेचे रूळ ६ फूट २ इंचांचे, तर डब्लिन-ड्रॉहेडावाले ५ फूट २ इंचांवर आलेले. तंटा बोर्ड ऑफ ट्रेडकडे गेला. १८४३ मध्ये तिथल्या मेजर जनरल पॅसली यांनी मधलं माप ठरवून दिलं, १८४६ च्या कायद्याने ते पक्कं झालं आणि अल्स्टर रेल्वेला आपले रूळ सरकवून घ्यावे लागले. तडजोडीचं हे माप त्या बेटावरच्या प्रत्येक मोठ्या इंजिनाच्या अंगात मुरलेलं आहे.

फुटाला ४ मिलिमीटर हे प्रमाण धरलं तर ५ फूट ३ इंचांचे बरोबर २१ मिलिमीटर होतात. कुठेही अपूर्णांक नाही. पण बाजारात सहज मिळणारे ओओ गेजचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. त्यांवर चढवलेल्या आयरिश इंजिनाची चाकं प्रत्यक्षातल्या हिशेबाने दोन्ही बाजू मिळून साडेतेरा इंच आत सरकतात. वर भारदस्त बॉयलर आणि खाली चोरून घेतलेले पाय! यात बांधणाऱ्याचा आळस असतो असं नाही. २१ मिलिमीटर म्हणजे रूळ स्वतः घालायचे, सांधे स्वतः जुळवायचे, चाकांचे आसही वेगळे करायचे. ज्याला मित्रांच्या रुळांवर गाडी पळवायची आहे, त्याची निवड मला समजते. सिरिल फ्राय हे डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यातले ड्राफ्ट्समन. मूळ नकाशेच हाताशी असलेला माणूस. त्यांचा आयरिश गाड्यांचा प्रसिद्ध संग्रहसुद्धा ओ गेजचाच आहे, म्हणजे मोठ्या प्रमाणातला असूनही खऱ्या आयरिश मापाच्या रुळांवरचा नाही. आज तो डब्लिनजवळ मॅलाहाइडच्या संग्रहालयात आहे आणि त्यातलं काम बघताना जीव रमतो.

तरीही २१ मिलिमीटरवर उभं असलेलं जे-१५ एकदा बघितलं की मन दुसरीकडे वळत नाही. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचा हा १०१ वर्ग, पुढे जे-१५ म्हणून ओळखला गेलेला. अलेक्झांडर मॅक्डॉनेल यांच्या कारकिर्दीत रूढ झालेलं, सहा चाकांचं साधं मालगाडीचं इंजिन. १८६६ पासून १९०३ पर्यंत अशी १११ इंजिनं बनली. आयर्लंडमध्ये वाफेच्या इंजिनांचा एवढा मोठा वर्ग दुसरा नाही. माल, गुरं, साखरेचं बीट, शाखामार्गावरचे चार उतारू, जे मागे जोडलं ते त्यांनी ओढलं. त्यांची चाकं सुमारे ५ फूट २ इंच व्यासाची. म्हणजे चाकाची उंची आणि रुळांमधलं अंतर जवळजवळ सारखंच. समोरून बघितलं की खाली एक चौकोन दिसतो आणि इंजिन त्यावर पैलवानासारखं पाय रोवून उभं असतं. चाकं आत घेतली की हा चौकोन मोडतो, आणि माझ्या मते जे-१५ चं सगळं रूप त्या चौकोनात आहे.

याच रुंदीची दुसरी देणगी आतली. जे-१५ चे सिलिंडर बाहेर दिसत नाहीत. ते दोन्ही चौकटींच्या मध्ये असतात. बाहेर चाकांना जोडणारे दांडे तेवढे फिरतात. बॉयलरच्या पोटाखालून पलीकडचा उजेड दिसतो, आणि चांगला कारागीर त्या फटीत आतले दांडे, क्रँक, व्हॉल्व्हची जोडणी बसवतो. बघणाऱ्याला त्यातलं जेमतेम काही दिसतं. पण नसलं तर ती फट पोकळ वाटते.

वरच्या अंगाचं काम बारीक पत्र्याचं. आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून भाग सोडवायचे, अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेल्या रेघेवर घडी घालायची, मागच्या खळग्यांतून टोचून एकेक रिव्हेट पुढे उमटवायचा, मग डाख. धुरांडं आणि घुमट बहुधा ओतीव व्हाइट मेटलचे. त्यांना कमी उष्णतेवर वितळणारा डाख लागतो, नाहीतर धुरांडंच ओघळून जातं. माझी नजर थांबते ती धुरांड्याच्या बुडाशी. बॉयलरच्या गोलाईवर ते बूड फटीशिवाय बसलंय का? तिथे किंचित उचललेलं असलं तर शंभर सुबक रिव्हेटसुद्धा ते भरून काढत नाहीत.

आणि इंजिन कोणतं, तेही ठरवायला हवं. नुसतं 'जे-१५' असं काही नसतं. अमुक नंबर, अमुक साल असतं. जुन्या रूपात स्मोकबॉक्सला कपाटासारखी दोन पाखांची दारं होती, पुढे अनेकांना एकच गोल दार आलं. जतन झालेल्या दोन इंजिनांपैकी १८४ चा बॉयलर जुन्या धर्तीचा, गोल माथ्याचा. १८६ ला सुपरहीटर आणि चौकोनी खांद्यांची बेल्पेअर फायरबॉक्स. सख्ख्या भावंडांची चेहरेपट्टी इतकी वेगळी. (शॉन कॉनरीच्या 'द फर्स्ट ग्रेट ट्रेन रॉबरी'त ही इंजिनं दिसतात, पण १८५० च्या दशकातली वाटावीत म्हणून सजवलेली. तो चित्रपट बघून मॉडेल बांधू नये.)

शेवटी रंग. १९२५ मध्ये ग्रेट सदर्न रेल्वेज स्थापन झाली, तेव्हा या इंजिनांवर धुरांड्यापासून चाकांपर्यंत एकच करडा रंग होता. रेघ नाही, पट्टी नाही, काळा स्मोकबॉक्ससुद्धा नाही. १९३९ मध्ये इंचिकोरने बांधलेली तीन सिलिंडरची '८०० मेव्ह' बघा: हिरवा रंग, रेघांची नक्षी, आयरिश लिपीतली नावाची पाटी. तिच्या मॉडेलवर नजर खिळते आणि बारीकसारीक चुका त्या थाटात लपून जातात. करड्या जे-१५ ला असा आधार नाही. पत्र्याचा पोचा, डाखाचा ओघळ, वाकडा दांडा, सगळं उघडं पडतं. वरची काजळी आणि तळाची गंजकट धूळही हलक्या हातानेच द्यावी लागते, नाहीतर मूळ करडाच हरवतो. म्हणून स्पर्धेच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली आणि निवाडा माझ्याकडे दिला, तर नीट उतरलेल्या करड्या जे-१५ ला मी मेव्हच्या वरचा क्रमांक देईन.